साडेतीन हातांचा बैल

मला शिवणकाम येतं, असं लग्न ठरताना माझ्या आईनं सासरच्यांना सांगितलं होतं. ते साफ खोटं होतं. सांगलीत मी तीन महिने शिवणक्लासला जात होते हे खरं, पण त्या तीन महिन्यांत मी एक परकर आणि चार बाजारच्या पिशव्या शिवल्या, आणि पुढे त्या परकराचीही पाचवी पिशवी झाली. आईनं मात्र बोलण्याच्या भरात सांगून टाकलं आणि वर पायाची मशीन रुखवतात मांडली. सासरी आल्यावर मी ती मशीन माजघरात ठेवली, तिच्यावर भरतकामाचा रुमाल टाकला, रुमालावर टीव्ही ठेवला आणि अकरा वर्षं निभावून नेलं. कुणी ब्लाऊज शिवायला घेऊन आलंच तर म्हणायचे, "आता टीव्ही कुठं उतरवू?" झाकली मूठ सव्वा लाखाची.

ती मूठ गेल्या वर्षी बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या पोळ्याला, उघडली.

आमचं गाव कऱ्हाडच्या पुढं, सातारा जिल्हा संपता संपता. नवरा सैन्यात, वर्षातून दोनदा घरी. घरात सासू, सासरे, मी, नऊ वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी. सासऱ्यांना मी मामा म्हणते, सासूबाईंना आत्याबाई. मामांकडे एक खिलार बैल उरला होता, जोडीतला दुसरा आधीच गेलेला. मग मामांचे गुडघे गेले. वैरण काढणं होईना, पाणी दाखवणं होईना, आणि माघात त्यांनी तो बैल विकला. त्यावर ते घरात एक अक्षर बोलले नाहीत. फक्त गोठ्याकडं जायचे बंद झाले. तिथलं खुरपं हवं असलं तरी मला पाठवायचे.

आमच्या गावात बेंदराला कर तोडतात. कर म्हणजे गवताचा जाड दोर, त्यात पिंपळाची पानं खोवलेली. तो वेशीत आडवा बांधतात आणि सजवलेल्या बैलानं पळत येऊन तो शिंगांनी तोडायचा. पहिला कर तोडायचा मान आमच्या घराचा. कधीपासून ते कुणालाच माहीत नाही, त्यामुळे सगळे 'पयल्यापासनं' म्हणतात. आता बैलच नाही म्हटल्यावर मान कुणाचा, यावर देवळात बैठक बसली. खालच्या आळीला मामांचे चुलत भाऊ राहतात. त्यांनी शर्यतीसाठी एक बैल पाळलाय, तो आमच्या पोरांपेक्षा जास्त अंडी खातो. मान त्यांच्याकडं जाणार हे जवळजवळ ठरलंच होतं.

मामा काठी टेकत बैठकीला गेले आणि परत आले ते छाती काढून. मी भाकऱ्या थापत होते. चुलीपुढं बसून त्यांनी सगळं सांगितलं. चुलत सासरे म्हणाले होते, "दादा, बैल न्हाई त्याला मान कसला?" मामा म्हणाले, "ज्याच्या दारात बैल न्हाई त्यो मातीचा पुजतो. देवाला मातीचा चालतो, तर कापडाचा का चालू ने? माझी नातवंडं बैल हुतील." सगळं देऊळ हसलं म्हणे. पंचांनाही गंमत वाटली आणि त्यांनी हो म्हटलं. मग चुलत सासऱ्यांनी अटी घातल्या. बैलाला चार पाय पाहिजेत आणि चारही आमच्याच घरातले. वाटेत बैलानं बोलायचं नाही. आणि वेशीत पोचेपर्यंत एक जरी पाय कमी झाला तरी मान खालच्या आळीला, तो पण कायमचा.

"आन तुमी हो म्हणून आला?" आत्याबाईंनी विचारलं.

"मग काय न्हाई म्हणू?"

"पण शिवणार कोण?" मी विचारलं.

मामांनी माझ्याकडं पाहिलं ते इतक्या भरवशानं, की माझी भाकरी तव्यावर करपली. "तू की," ते म्हणाले. "तुला येतंय न्हवं."

आता अकरा वर्षांनी कुठल्या तोंडानं सांगायचं की येत नाही? त्यात माझ्या आईची अब्रू, आणि मामांचा मान. मी म्हटलं, "शिवते." उचलली जीभ लावली टाळ्याला.

टीव्ही जमिनीवर उतरला. मुलगी म्हणाली, "आई, टेबलाखाली चाक हाय." पट्टा कुजला होता, तो कऱ्हाडहून आणला. कापड म्हणून नवऱ्याच्या दोन पांढऱ्या चादरी काढल्या. माप घ्यायला मी टेप घेऊन पोरांना उभं केलं, तर मामा म्हणाले, "टेप ठिव. मी सांगतो तसं ल्ही."

त्यांनी डोळे मिटले आणि सांगायला लागले. खांद्यापासून शेपटीच्या बुडापर्यंत साडेतीन हात. छातीचा घेर सव्वाचार हात. वशिंड एक वीत चार बोटं. पुढचा पाय इतका, मागचा तितका. मध्येच थांबून भिंतीवर स्वतःचा हात लावून मोजायचे आणि म्हणायचे, "न्हाई, दोन बोटं कमी कर." मी मुकाट्यानं लिहून घेतलं, त्याच मापानं कापलं आणि दोन दिवस खाली मान घालून शिवलं. तिसऱ्या दिवशी पोरांना आत घातल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी पोरांच्या मापाचं शिवलंच नव्हतं. मी मामांच्या विकलेल्या बैलाच्या मापाचं शिवलं होतं. आणि लिहून घेताना मला त्यात काही वावगंही वाटलं नव्हतं. बैल शिवायचा तर माप बैलाचंच घेणार, आणखी कुणाचं?

पायाच्या नळ्या इतक्या लांब की पोरांची पावलं दिसेनात. पोट अंगण झाडत होतं. मामांनी खाटेवरून बघितलं आणि म्हणाले, "बैल गाभण हाय का?"

मी म्हटलं, घेर निम्मा करते. तर म्हणाले, "माप कमी करायचं न्हाई. बैल हाय त्यो, शेळी न्हाई." शेवटी पाय दुमडून टाचले आणि पोटात सायकलचा जुना टायर बसवला, म्हणजे घेर फुगून राहील. टायर कापडात शिवताना तीन सुया मोडल्या. मी मशीनला नावं ठेवली तेव्हा मामा खाटेवरून म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." त्या दिवशी त्यांना दुपारचा चहा मिळाला नाही.

पायांची आणखी एक गंमत सांगायची राहिली. पहिल्या खेपेला मी पुढचे दोन पाय एकमेकांनाच शिवून टाकले. मुलानं वरून एक पाय घातला आणि दुसरा घालायला जागाच सापडेना. अर्धा तास तो एका पायावर उड्या मारत होता आणि मी त्याच्यावरच ओरडत होते की तुला साधं कपडे घालता येत नाहीत. आत्याबाईंनी येऊन उलटून बघितलं आणि काही न बोलता परत गेल्या. त्यांनी काही बोललेलं परवडलं असतं.

मग तोंड. तोंड मला बऱ्यापैकी जमलं, असं माझं मत होतं. कपाळाला कापड जास्त झालं म्हणून तिथं मी चुण्या घालून गोल ओढून टाके मारले. मामांनी बैलबाजारात करतात तशी तपासणी सुरू केली. तोंड हातात घेतलं, जबडा उघडून बघितला, कान ओढले. कपाळावर बोट आलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"हितं भोवरा हाय," ते म्हणाले.

"चुणी हाय ती, मामा."

"भोवरा हाय. डोळ्याच्या वर, डाव्या अंगाला. असला बैल मी उभ्या जन्मात दारात आणला न्हाई. मालकाला खातो त्यो."

मी कपाळाला हात लावला. चादरीच्या बैलाला केसांचा भोवरा, आणि तो मालकाला खाणार. पण आत्याबाई शेजारी उभ्या होत्या, आणि त्यांचाही चेहरा उतरला होता. त्यांचा मुलगा सीमेवर. मी ब्लेड घेतलं आणि सगळं कपाळ उसवलं. संध्याकाळपर्यंत नवं कपाळ तयार झालं, सपाट, इस्त्री करून, बिनभोवऱ्याचं. मामांनी हात फिरवून पास केलं.

शिंगं मी नवऱ्याच्या लोकरी मोज्यांत चिंध्या भरून केली. ती दोन तासांत मान टाकायची. "म्हस झाली," मामा म्हणाले. मग मुलानंच उसातल्या ठिबकच्या नळीचे तुकडे आणले. ते आत घातल्यावर शिंगं ताठ झाली, पण इतकी चिवट, की वाकवली की सुटून समोरच्याच्या तोंडावर बसायची. घरातल्या प्रत्येकानं एकदा तरी खाल्ली.

पुढं कोण आणि मागं कोण, यावरून दोन दिवस रणकंदन. मुलीला तोंड पाहिजे होतं. तिला पुढं घातलं तर बैल उतारावर उभा केल्यासारखा दिसायचा. शेवटी शेपटी हलवायचा अधिकार मागच्याकडं असतो, असं सांगून तिला मागं घातलं. तिनं शेपटी इतकी हलवली की ती दोनदा तुटली.

नवऱ्याचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा बैल अंगणात उभा होता. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "माझ्या चादरी कुठायत गं?" मी म्हटलं, "गोठ्यात." मग त्याला मागच्या मांडीवर स्वतःचाच फौजी नंबर दिसला. तो धुऊन निघत नव्हता, मी काय करू? शाईनं मारलेला.

बेंदराच्या दिवशी दुपारी पुरणपोळ्या उरकून आम्ही गावाला वळसा घालून वेशीकडं निघालो. भुरभुर पाऊस होता. मी गळ्यात दोऱ्याचं रीळ अडकवलं होतं आणि पदराला सेफ्टी पिनांची माळ. मामांनी पटका बांधला होता. एका हातात काठी, दुसऱ्या हातात बैलाचा कासरा. आमच्या मागं खालच्या आळीचा शर्यतीचा बैल, त्याच्यामागं गावातले उरलेसुरले बैल आणि मग हार घातलेले ट्रॅक्टर. हलगी वाजत होती. पोरंटोरं नाचत होती. कुणीतरी विचारलं, "दादा, मागं नंबर कसला?" मामा म्हणाले, "कानातला बिल्ला हरवला, म्हणून तिथं लिवलाय." लोक हसले, पण बैलाला नाही, मामांच्या बोलण्याला हसले. मला बरं वाटलं. अर्धी वाट व्यवस्थित गेली.

मग बैल आतून बोलायला लागला. "दादा, हळू की." "गप, बाद हुशील." "मला दिसंना." "मागच्याला दिसत नसतंय." प्रत्येक वाक्याला मामा जोरात खोकायचे. त्या दिवशी त्यांना इतका खोकला झाला की दोघातिघांनी काळजीनं विचारलं, दवाखान्यात दाखवलं का म्हणून.

वेस शंभर पावलांवर राहिली आणि पोटाची शिवण गेली. आधी टर्र असा आवाज झाला, मग टायर खाली पडला, उभा राहिला आणि उतारानं पळत सुटला. गर्दीनं त्याला वाट करून दिली. तो कराच्या खालून वेशीबाहेर गेला. आमच्या बैलाच्या आधी आमच्या बैलाची बरगडी वेस ओलांडून गेली आणि सगळं गाव पोट धरून हसायला लागलं. हलगीवाल्यालाही वाजवता येईना. मी माझ्या आईला मनातल्या मनात काय काय बोलले ते इथं लिहीत नाही.

त्या हसण्यानं मुलगी घाबरली. आत अंधार, बाहेर एवढा गलका, आणि मागं शर्यतीचा बैल फुरफुरत होता. ती मटकन खाली बसली. बैलाचा मागचा भाग रस्त्यात बसला आणि पुढचा उभा.

"मला आईकडं जायचंय," बैलाचा मागचा भाग म्हणाला.

"बैल बोलला," चुलत सासरे म्हणाले.

"हंबरला," मामा म्हणाले.

पण तेवढ्यात ती फाटलेल्या शिवणीतून रांगत बाहेर आली आणि माझ्या कमरेला येऊन चिकटली. आता खोकून काही उपयोग नव्हता. समोर चादरीत दोन पाय उरले होते, आणि मागं नुसतं कापड. चुलत सासरे काही वाईट माणूस नाहीत. त्यांनी हळूच विचारलं, "दादा, आता काय?" पण त्यांच्या मागं त्यांचा मुलगा बैलाचा कासरा सावरून तयारच होता. मी मुलीला समजावलं, चॉकलेट कबूल केलं, टीव्ही परत मशीनवर ठेवते म्हटलं. ती हलेना. मी पदर खोचला आणि म्हणाले, "मामा, मी शिरते आत." तर पोरीनं मानेलाच मिठी मारली. माझी चूक, माझी शिवण, आणि मलाच आत जाता येईना. त्या घडीला मला रडूच आलं.

मामांनी काठी माझ्या हातात दिली. मग डोक्यावरचा पटका उतरवला, तो दिला. मला वाटलं, हरलो म्हणून सांगताहेत. पण ते एका गुडघ्यावर हात ठेवून वाकले, तोंडातून दुखल्याचा आवाज आला, आणि ते चादरीखाली शिरले.

ज्या माणसानं कधी कुणापुढं मान वाकवली नाही, तो भर रस्त्यात नातवाच्या कमरेला धरून ओणवा उभा होता. आता बैल मागून उंच आणि पुढून ठेंगणा. दुमडून टाचलेल्या नळ्या मामांनी उसवून सोडल्या आणि त्या त्यांच्या पायांना अगदी बरोबर बसल्या.

"चार झालं का पाय?" आतून आवाज आला.

"झालं," चुलत सासरे म्हणाले. बैल बोलल्याचं त्यांनी काढलं नाही.

बैल निघाला. पळणं शक्यच नव्हतं. एक पाऊल टाकायचे, थांबायचे, दुसरं टाकायचे. हलगीवाल्यानं ते बघितलं आणि ताल निम्म्यावर आणला. शंभर पावलांना किती वेळ लागला कोण जाणे, पण कुणी घाई केली नाही. मी मुलीला काखेत घेऊन बरोबरीनं चालत होते आणि पोटाच्या फाटक्या कडा पिनांनी जोडत होते. दोन पिना माझ्याच बोटात गेल्या. वेशीत पोचल्यावर मुलानं शिंगं कराला लावली आणि ढकललं. ठिबकच्या नळ्या वाकल्या, पण कर तुटेना. मुलाचा जोर संपला. मग मामांनी मागून एकच रेटा दिला. कर तुटला आणि बैल तोंडावर पडला. त्याला उठवायला सगळ्यात आधी कोण धावलं असेल, तर चुलत सासरे.

आमचं घर वेशीपासून चाळीस पावलांवर. मी म्हटलं, "मामा, झालं, या बाहेर." आतून उत्तर आलं, "घरी जाईस्तवर बैल बैलच." तसेच ओणवे चालत आले. दारात आत्याबाई ताट घेऊन उभ्या होत्या. मिरवणुकीतून आलेल्या बैलाचे पाय धुवायचे, कुंकू लावायचं, पुरणपोळी चारायची, ही रीत. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी मुलाच्या पायांवर पाणी घातलं. मग मागं गेल्या आणि दुसरे पाय बघितले, भेगाळलेले, घोट्याशी सुजलेले. चाळीस वर्षं बघितलेले ते पाय त्या ओळखणार नाहीत असं कसं होईल? त्या खाली बसल्या आणि दोन्ही पायांवर तांब्यानं पाणी घातलं, हातानं चोळून धुतले, हळदकुंकू लावलं.

मुलगा पुरणपोळी खातच बाहेर आला. मामा येईनात. चादर हलायला लागली. मला वाटलं गुडघा अडकला, म्हणून कड उचलायला गेले. ते रडत होते.

"मामा, कर तुटला की," मी म्हटलं. "मान ऱ्हायला."

"मानाचं न्हाई गं," ते आतूनच म्हणाले. "त्याला विकला तवा मी त्याचं पाय धुतलं न्हाईत. बघवंना मला. गाडीवाल्याला म्हणलं, 'ने', आन आत जाऊन बसलो. जनावर बिनपाण्याचं घरातनं गेलं."

पाच महिने हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आत्याबाईंनी हातातला तांब्या खाली ठेवला.

"मी धुतलं हुतं," त्या म्हणाल्या. "तुमी आत भिताडाकडं तोंड करून बसला हुता तवा. कुकू बी लावलं. भाकरी खाऊन गेला त्यो."

चादर हलायची थांबली. मग मामा हळूहळू मागं सरकत बाहेर आले, आणि त्यांना उठवायला आत्याबाईंनी हात दिला.